न्हाणीघरातला गॅस गिझर बाहेर काढा



थंडी पडली की आपल्या यवतमाळात दोन गोष्टींची खरेदी जोरात होते, रजया आणि गॅस गिझर. रजईबद्दल माझी काही तक्रार नाही. खरे तर गॅस गिझरबद्दलही नाही. तक्रार आहे ती आपण तो जिथे बसवतो त्या जागेबद्दल. यवतमाळ असो, दारव्हा असो, पुसद असो की वणी, नव्या घराचे न्हाणीघर बघायला गेले की तो आतच दिसतो. नळाच्या वर, दाराच्या मागे, छान टाइल्सवर खिळून टांगलेला. ही जागा चूक आहे. गैरसोयीची असती तर मी लिहायला बसले नसते. ती जीव घेणारी जागा आहे, म्हणून आज जरा कडक शब्दांत लिहिते. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी आपल्या आज्यांचा बंब आठवून बघा. तांब्याचा, मधोमध नळी असलेला, खाली जाळी. त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, कोळसे, जे असेल ते जळायचे. मधली नळी म्हणजे त्याचे धुराडेच. धूर वर निघून जायची सोय बंबातच केलेली होती. आणि तरीसुद्धा बंब कुठे असायचा? परसदारी, सांदवाडीत, फार तर न्हाणीबाहेरच्या ओट्यावर. तिथे पाणी तापायचे, मग ते बादलीत नाही तर घंगाळात घेऊन आत न्यायचे आणि विसण घालून अंघोळ करायची. विस्तव बाहेर, पाणी आत. ज्या बायकांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांनी हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला. आपण शिकलो, घरात मार्बल आले, आणि विस्तव उचलून आत आणला. तोही धुराडे नसलेला.

हो, आपल्या बाजारात मिळणाऱ्या साध्या गॅस गिझरला बहुधा धुराडे नसतेच. वरच्या बाजूला जाळीची पट्टी असते. आत बर्नर पेटतो, त्याच्या वर तांब्याच्या नळीतून पाणी फिरते, आणि जळालेली हवा त्या पट्टीतून सरळ तुमच्या न्हाणीघरात येते. ती बाहेर नेणारे काहीही त्या डब्यात नाही.

आता थोडा हिशेब करू. आपण रोज घरखर्चाचा करतो तसाच हा हवेचा. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातल्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट हा जाळ आहे. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा हजार लिटर हवा लागते. आपले न्हाणीघर पाच फूट बाय सात फूट, उंची आठ फूट धरा. त्यात मावणारी हवा सुमारे आठ हजार लिटर. म्हणजे पाव तास केस धुवायचे म्हटले तर त्या खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा त्या जाळालाच लागतो. दार बंद, खिडकी बंद, तर नवी हवा यायची कुठून? मग तो जाळ स्वतःच सोडलेली जळकी हवा पुन्हा ओढून घेतो. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळण्यातून तयार होतो तो कार्बन मोनॉक्साइड.

या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही, घशात खवखव नाही. सिलिंडर गळत असेल तर आपल्याला वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या विषाला तसा वास कोणी लावलेला नाही. लाकडाचा धूर कोंडला तर माणूस ठसकत ठसकत दार उघडून पळतो, म्हणजे धूरच त्याला बाहेर हाकलतो. हा वायू हाकलत नाही. रक्तात जो भाग प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, आणि मेंदूला मात्र प्राणवायू पोचत नाही. आधी डोके जड होते, मग गरगरते, मळमळते, पायांतला जोर जातो. दाराची कडी दोन हातांवर असते, पण तिथवर हात पोचत नाही.

हे मी कुणाला घाबरवायला रचून सांगत नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अंघोळीला गेली आणि गॅस गिझरच्या या वायूने तिचा जीव गेला. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला एक जोडपे रंग खेळून घरी आले, अंघोळीला गेले आणि न्हाणीघरातच मृतावस्थेत सापडले. तिथेही पहिला संशय गॅस गिझरवरच गेला. मुंबईच्या बातम्या छापून येतात म्हणून आपल्याला कळतात. आपल्याकडे काय होते? आपल्याकडे कारणच वेगळे लागते. आणि माझा खरा मुद्दा इथूनच सुरू होतो.

सख्यांनो, घरातल्या बाईला न्हाणीघरात चक्कर आली तर घरातले काय म्हणतात? कारण तयारच असते. काल चतुर्दशीचा उपवास होता ना. वर्षीतप चाललाय तिचा. एकासना करते, अंगात रक्तच नाही. दिवस गेलेत वाटते. रात्री झोप झाली नाही. काहीच नाही सापडले तर, हिला सवयच आहे. पुरुषाला चक्कर आली तर त्याला दवाखान्यात नेतात. बाईला आली तर लिंबू-सरबत देतात, आणि उपवास असला तर तेही नाही, नुसते पंख्याखाली निजवतात.

आमच्या नात्यातल्या एका सुनेचे सांगते. ओळख पटेल असे काही लिहीत नाही. एका हिवाळ्यात तिला तीन वेळा अंघोळीनंतर भोवळ आली. तिन्ही वेळा सकाळी, तिन्ही वेळा केस धुण्याच्या दिवशी. घरात चर्चा काय झाली, तर हिला तप झेपत नाही. सासूबाईंनी अगदी मायेने सांगितले की या वर्षी अष्टमी-चतुर्दशी सोड. तिलाही ते खरे वाटले आणि लाज वाटली. आपल्या श्रद्धेत, आपल्या शरीरात काहीतरी कमी आहे असे तिने धरून घेतले. तिचा माहेरचा भाऊ घरी आला, अंघोळीला गेला आणि डोके धरून बाहेर आला, तेव्हा कुठे लोकांनी वर पाहिले. भावाचा उपवास नव्हता. त्याने आदल्या रात्री पोटभर जेवण केले होते. गिझर बाहेर गेला आणि भोवळही गेली. तिचे तप पुन्हा सुरू आहे.

विचार करा. तो भाऊ त्या दिवशी आला नसता तर? एका गिझरच्या जागेचा दोष एका बाईच्या तपावर जन्मभर राहिला असता, किंवा एका सकाळी तिचे तपच संपले असते आणि लोक म्हणाले असते, पुण्यवान होती, उपवासात गेली. मला त्या शेवटच्या वाक्याची भीती वाटते. आपल्या समाजात ते वाक्य म्हणायला फार सोपे आहे.

आणि न्हाणीघरात जास्त वेळ कोण असते तेही बघा. गडीमाणसे दोन तांबे ओतून बाहेर. आपण केस धुतो, लहान मुलांना अंघोळी घालतो, पूजेचे सोवळ्याचे कपडे पिळतो, जाता जाता मोरी घासतो. पहाटे मंदिरात जायचे तर पाच-साडेपाचला, पौष-माघाच्या थंडीत, खिडकी घट्ट लावून. घरात सहा जणांच्या अंघोळी एकापाठोपाठ एक झाल्या तर प्रत्येकाच्या वेळी आतली हवा आणखी बिघडत जाते, आणि सगळ्यांचे आटोपून शेवटचा नंबर बहुतेक घरांत सुनेचा असतो. बरोबर आंघोळीला घेतलेले बाळ असेल, किंवा पोटात असेल, तर त्याला हा वायू आपल्यापेक्षा लवकर आणि जास्त बाधतो. म्हणजे जागा ठरवली एकाने आणि जोखीम पडली दुसरीवर.

जागा ठरवते कोण? घर बांधताना टाइल्सचा रंग आपल्याला विचारतात. देवघराचे संगमरवर आपल्याला विचारतात. स्वयंपाकघराचा ओटा किती उंच हेही आता विचारू लागले आहेत. गिझरची जागा मात्र प्लंबर ठरवतो, आणि तो ती पाईप कुठे कमी लागेल यावरून ठरवतो. एका प्लंबरला मी विचारले, दादा, आत का? तो म्हणाला, सगळे आतच लावतात ताई. हे उत्तर झाले का? गिझरसोबत जे माहितीपुस्तक येते ते खोक्यातच राहते. ते काढून वाचा. न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा असे बहुतेक पुस्तकांत छापलेले सापडेल. ज्याने तो तयार केला तो सांगतो बाहेर बसवा, आणि आपण ज्याने भिंतीला भोक पाडले त्याचे ऐकतो.

थंड देशांतले लोक घरच तापवतात, बॉयलर त्यांच्या घरोघरी असतो. हे उपकरण कुठे ठेवायचे याचा विचार त्यांनी आपल्याआधी केला आहे. इंग्लंडमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी ठरवून टाकले की खोलीतली हवा घेऊन जळणारे गॅसचे उपकरण न्हाणीघरात नव्याने बसवायचे नाही. बसवायचेच असेल तर ते पूर्ण बंदिस्त हवे, बाहेरून नळीने हवा घेणारे आणि जळकी हवा नळीने बाहेरच सोडणारे. खोलीच्या हवेशी त्याचा संबंधच नको. म्हणजे त्यांनी कायद्यात जे लिहिले ते आपल्या आजीने बंबाबाबत आधीच केले होते. विस्तव बाहेर.

आता तुमचे आक्षेप घेते. महिला मंडळात हा विषय काढला तेव्हा हे सगळे मी ऐकले आहेत.

“आमच्या न्हाणीघराला खिडकी आहे.” आहे, पण उघडी आहे का? थंडीत काच लावलेली, उन्हाळ्यात धूळ येते म्हणून पुठ्ठा ठोकलेला, शेजारच्या गच्चीवरून दिसते म्हणून प्लॅस्टिक चिकटवलेले, डास येतात म्हणून बारीक जाळी आणि त्या जाळीवर वर्षाची धूळ. बाईला लाजेसाठी खिडकी लावूनच घ्यावी लागते. जी खिडकी उघडी ठेवून अंघोळ करता येत नाही ती मोजायची नाही.

“एक्झॉस्ट पंखा लावलाय.” लाईट गेली की पंखा बंद, गिझर मात्र बॅटरीवर पेटतच राहतो. आपल्याकडे वीज जाते म्हणून तर गॅस गिझर घेतला, मग त्याचे रक्षण विजेवर कसे सोडता? शिवाय पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दाराखाली फट नसेल तर पंखा नुसता फिरतो.

“आमचा वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो.” आणि नळ बंद करून पुन्हा सोडला की पुन्हा पेटतो. घड्याळ हवा मोजत नाही.

“पाच वर्षे झाली, काही झाले नाही.” पाच वर्षांत आपल्या बोअरच्या जड पाण्याने आतल्या नळीत क्षार धरला, बर्नरमध्ये धूळ आणि जाळे गेले, वरच्या पात्यांत काजळी बसली. पहिल्या वर्षीचा जाळ आणि आजचा जाळ एक नाही. ज्योत पिवळी दिसू लागली असेल तर आजच बंद करा. आणि निळी दिसते म्हणूनही निर्धास्त राहू नका.

“लांब नेला तर पाणी वाया जाते.” हा आक्षेप मला मान्य आहे, कारण निळोणा-चापडोहच्या भरवशावरचे आपण लोक, २०१८ चा उन्हाळा विसरलेलो नाही, आणि पाणी वाया घालवणे आपल्या धर्मातही बसत नाही. पण हिशेब बघा. अर्ध्या इंची नळी पंधरा फूट वाढली तर तिच्यात जेमतेम अर्धा-पाऊण लिटर पाणी मावते. सुरुवातीचे थंड पाणी बादलीत धरा, तेच विसण होईल. वाया काहीच जात नाही. नळीचा वाढीव खर्च काही शे रुपये. वास्तुशांतीच्या जेवणात एक मिठाई कमी केली तरी निघेल.

“वास्तूप्रमाणे अग्नी आग्नेयेलाच हवा.” माझे वास्तुशास्त्राशी भांडण नाही. आग्नेयेला ठेवायचा तर आग्नेयेच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ठेवा. अग्नीला कोणती दिशा हवी हे सांगणारे पुष्कळ भेटतात, अग्नीला हवा लागते हे कोणी सांगत नाही.

“बाहेर ठेवला तर किडेमुंग्या, पाली, पतंग आत जातात आणि जळतात.” हा आक्षेप एका काकूंनी घेतला आणि सभागृह गप्प झाले, कारण आपल्या घरात हा विचार होतोच आणि व्हायलाच हवा. याचे उत्तर नीट देते. गिझरभोवती पत्र्याचे किंवा लाकडी खोके नको. गंज न धरणाऱ्या बारीक तारेच्या जाळीची चौकट बसवा, गिझरपासून चारी बाजूंनी वीतभर दूर, वरून पत्र्याचे छप्पर. हवा खेळते, जीव आत जात नाही. सकाळी पहिल्यांदा नळ सोडण्याआधी बॅटरी मारून आत बघायचे, आठवड्याला मऊ कुंच्याने जाळी झाडायची. पावसाळ्यात, चातुर्मासात, रोज बघायचे. यालाच आपल्यात कोणी जयणा म्हणते, कोणी यत्नाचार म्हणते. पण ताई, हाच विचार आणखी एक पाऊल पुढे न्या ना. आपण नळाला गाळणे बांधतो. दिवा उघडा ठेवत नाही. रस्त्याने खाली बघून चालतो. पाण्याच्या थेंबातल्या न दिसणाऱ्या जीवासाठी एवढे करणाऱ्या घरात, त्या न्हाणीघरात उभा असलेला पंचेंद्रिय जीव, आपली सून, आपली लेक, हिशेबात यायला नको? प्रमादाने झालेली हिंसा ही हिंसाच, हे आपण स्वाध्यायात वाचतो. कळल्यावरही गिझर आत ठेवणे याला मी प्रमादच म्हणेन.

मग ठेवायचा कुठे? घराच्या प्रकाराप्रमाणे सांगते.

जुने घर असेल, मागे परस असेल, तर प्रश्नच नाही. न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला, जिथे बंबाचा ओटा होता तिथेच. वर छप्पर, बाजू मोकळ्या. थेट वाऱ्याच्या झोतात नको, ज्योत विझते. सिलिंडर सपाट जागेवर, उभा, गिझरच्या बरोबर खाली नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून खड्ड्यात, तळघरात किंवा जिन्याखालच्या बंद कोनाड्यात सिलिंडर कधीच ठेवू नका. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची, आणि पाच वर्षांनी बदलायचीच.

बंगला किंवा रो-हाऊस असेल तर मागची उघडी गल्ली, नाही तर गच्ची. दोन भिंतींमधली अरुंद, वरून स्लॅब घातलेली फट ही बाहेरची जागा नव्हे, हे लक्षात ठेवा. वर आकाश दिसले पाहिजे किंवा निदान दोन बाजू पूर्ण उघड्या पाहिजेत. आणि जळकी हवा ज्या बाजूला जाईल तिथे कुणाच्या बेडरूमची खिडकी नको, शेजाऱ्यांचीही नको.

फ्लॅट असेल तर कपडे वाळत घालायची मागची गॅलरी. तिला काचा लावून बंद केली असेल तर ती पुन्हा खोलीच झाली, तिथे गॅस गिझर चालणार नाही. फ्लॅटमध्ये अशी जागाच नसेल तर सरळ विजेचा गिझर घ्या. त्याला हवा लागत नाही, तो आत चालतो. पण त्याचीही जागा पाहून घ्या. नळाच्या किंवा शॉवरच्या धारेखाली नको, बटण बाहेरच्या भिंतीवर, अर्थिंग तपासलेले, आणि झटका बसण्याआधी वीज तोडणारे उपकरण घराच्या मेन बोर्डात असलेच पाहिजे. पाणी घेताना बटण बंद. गच्ची स्वतःची असेल तर सौर बंब सगळ्यांत चांगला. ऊन आपल्याकडे कमी आहे का? त्याच्या पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून, पाण्याच्या टाकीची किंवा झाडाची सावली पडणार नाही अशा ठिकाणी. पाणी जड असल्याने क्षार काढून घ्यावा लागतो, तेवढे सांभाळा.

हाच विषारी वायू आणखी एका ठिकाणी येतो, ते एका परिच्छेदात सांगून टाकते. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवतात. शेक द्या, जरूर द्या, पण शेगडी बाहेर फुलवा, दार उघडे ठेवून शेक घ्या आणि झाला की शेगडी बाहेर काढा. रात्रभर ऊब राहावी म्हणून ती आत ठेवून झोपू नका. निखाऱ्याला धूर दिसत नाही, विष असते.

ज्यांच्याकडे गिझर आज आत आहे आणि उद्या प्लंबर मिळणार नाही, त्यांनी एवढे तरी आजपासून करा. गिझर लावून आधी बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, सिलिंडरचे बटण बंद करा, दार-खिडकी उघडी ठेवून पाच-दहा मिनिटे हवा जाऊ द्या, आणि मगच आत जाऊन अंघोळ करा. गिझर चालू असताना माणूस आत नको. आतली कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवून घ्या. हा कायमचा उपाय समजू नका, प्लंबर येईपर्यंतचा आहे.

आणि कोणी पडलेच तर? आधी दार उघडा, गॅस बंद करा, तिला उचलून मोकळ्या हवेत आणा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या दवाखान्यात न्या. यवतमाळात असाल तर वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगा की न्हाणीघरात गॅस गिझर चालू होता. उपवास होता हे नंतर सांगा. आणि कोरोनापासून घरोघरी जे बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे त्यावर विसंबू नका. या वायूने भारलेले रक्त त्या यंत्राला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच दिसते. आकडा अठ्ठ्याण्णव दाखवतो आणि माणूस गुदमरत असतो. खरे कळायला रक्ताची तपासणी लागते.

आता शेवटचे मागणे, आणि हे मी मागूनच घेणार आहे. या हिवाळ्यात प्रत्येकीने तीन न्हाणीघरे बघायची. एक स्वतःचे. गिझर आत असेल तर घरातल्या पुरुषांना हा लेख वाचून दाखवा, आणि म्हणा की महिना संपायच्या आत तो बाहेर गेला पाहिजे. नाही म्हणाले तर सांगा की मी आजपासून त्या न्हाणीघरात जाणार नाही, अंगणात पाणी तापवून घेईन. दोन दिवसांत प्लंबर येतो, बघा.

दुसरे, आपल्या धर्मशाळेचे, भोजनशाळेचे, विहारात उतरायच्या जागेचे. यात्रेकरू येतात, एका न्हाणीघरात पहाटेपासून वीस-वीस अंघोळी होतात. विश्वस्तांना विचारायला लाजू नका. दानाची पाटी लावायला भिंत सापडते, तर गिझर बाहेर लावायलाही सापडेल.

तिसरे, आपल्या लेकीच्या सासरचे. स्थळ बघायला जातो तेव्हा आपण हॉल बघतो, गाडी बघतो, देवघर बघतो, स्वयंपाकघरात कांदा-लसूण येते का तेही विचारतो. हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीघरात जा आणि वर बघा. गिझर आत टांगलेला असेल तर विहीणबाईंना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की आमची मुलगी येण्याआधी एवढा बाहेर काढून घ्या. त्या काय म्हणतात त्यावरून त्या घरात सुनेच्या जिवाची किंमत किती, हेही तिथल्या तिथे कळेल.

जय जिनेंद्र.